सतरा नंबरचं टोकन

(दोहा, बिन महमूद. २००६ चा मे महिना, शुक्रवारची दुपार. जुम्मा आटोपून मन्सूर हसत हसत घरी आला, बायकोच्या हातात तिचा पासपोर्ट ठेवला आणि म्हणाला, आता डोळे उघड. अजराने उघडले. सांगितलं नसतं तर बरं, असं त्याला एव्हाना वाटू लागलं असावं.)

अजरा: हा इटलीचा व्हिसा आहे.

मन्सूर: आहेच मुळी! आणि फोटो बघ, काय झकास आलाय तुझा.

अजरा: फोटो राहू द्या. माझा पासपोर्ट रेसिडेन्सीच्या रिन्यूअलला गेला होता ना?

मन्सूर: अगो, ते सरप्राइज होतं. कंपनीत वीस वर्षं पुरी झाली माझी. बाकीच्यांना मुदीर, आमचा मॅनेजर, घड्याळ देतो. मला म्हणाला, मन्सूर, तू वीस वर्षं स्टोअरमधून मान वर केली नाहीस, जा, बायकोला घेऊन डोंगर बघून ये. दोघांना, सात दिवस! दहा जूनला निघायचं.

अजरा: रेसिडेन्सीचा शिक्का जुनाच आहे. पुढच्या मार्चपर्यंत चालणारा. म्हणजे रिन्यूअल नव्हतंच.

मन्सूर: नव्हतं. ते आपलं सांगायचं म्हणून.

अजरा: मग भाईचा फोन आला त्या रविवारी माझा पासपोर्ट कुठे होता?

मन्सूर: आधी जेवू या का? सांदणं केलीस ना तू? मग सावकाश सगळं...

अजरा: तुम्ही म्हणालात खुशखबर आहे, म्हणून केली सांदणं. आता कुणी हात लावायचा नाही त्यांना. कुठे होता पासपोर्ट?

मन्सूर: इटलीच्या वकिलातीत. व्हिसाला.

अजरा: माझी आई तिकडे माझं नाव घेत पडली होती, आणि माझा पासपोर्ट सहलीला गेला होता.

मन्सूर: तसं नाही गो. दिला तेव्हा अम्मी ठणठणीत होती. भाईचा फोन नंतर आला, सहा दिवसांनी. मला काय स्वप्न पडलं होतं?

अजरा: अर्ज केला तर सही कुणी केली माझी?

मन्सूर: तूच केलीस. रेसिडेन्सीचा कागद आहे म्हणून मी पुढे केला, तू भाजी चिरता चिरता केलीस. आणि फॉर्म निदाने भरला.

अजरा: निदा! बाहेर ये. दाराआड उभी राहून ऐकू नको. तुला माहीत होतं हे सगळं?

निदा: अम्मी, मी फक्त फॉर्म फिल केला. अब्बा सेड इट्स अ सरप्राइज. आय थॉट यू विल बी हॅपी.

अजरा: चौदा वर्षांच्या पोरीला माहीत, मला नाही. कोणत्या डोंगरावर नेणार होते मला? ते सहलीचं पुस्तक आण इकडे. वाच.

मन्सूर: तिला कशाला मध्ये घेतेस?

अजरा: तुम्ही घेतलंत. वाच, निदा. मराठीत सांग.

निदा: ओके... अब्रुझ्झो. इटलीच्या मिडलला आहे. वाइल्ड माउंटन्स. तिथे बेअर असतात, आणि वुल्फ.

अजरा: अस्वल आणि लांडगे. छान. पुढे?

निदा: डे वन, व्हिलेजमध्ये वेलकम डिनर. डे टू, जंगलात बारा किलोमीटर चालायचं, गाईड पुढे असतो. तो वुल्फचे पाय... आय मीन, पायांचे ठसे दाखवतो. डे थ्री, नदीत राफ्टिंग. रबरची बोट असते. डे फोर, दोरीने खाली उतरायचं. रॉकवरून.

अजरा: मी? दोरीला लटकायचं?

मन्सूर: कंपल्सरी नाही ते. ज्याला नको त्याने सायकल चालवायची. मी विचारून घेतलंय.

अजरा: सायकल तरी येते का मला? वीस वर्षांत कधी बघितलंत?

निदा: डे फाइव्ह सायकल. मग वरती एका हटमध्ये राहायचं, दगडांची हट, बंक बेड्स. डे सिक्स सगळ्यात हाय पीक. आणि लास्ट पेजवर लिहिलंय, बूट नवीन नकोत. घरी आधी घालून सवय करायची.

अजरा: थांब. बूट?

मन्सूर: अजरा...

अजरा: ते जाड तळाचे बूट. फेब्रुवारीत आणलेत तुम्ही. डॉक्टर म्हणाले, शुगरसाठी चालायला हवं, पायांना आधार हवा. रोज सकाळी फजरची नमाज झाली की मला समुद्राकाठी कॉर्निशवर नेलंत. एशियन गेम्ससाठी अर्धा रस्ता खणून ठेवलाय, त्या धुळीतून. रोज थोडं जास्त, रोज थोडं भरभर. मी आपली खूष. नवऱ्याला माझ्या तब्येतीची काळजी! डॉक्टर असं म्हणाले तरी होते का?

मन्सूर: चालायला म्हणाले होते. बुटाचं मी पदरचं घातलं.

अजरा: आणि अम्मी गेली त्यानंतर तिसऱ्या दिवशी? चल, जरा चालू या, मन हलकं होईल. तेव्हाही प्रॅक्टिसच चालली होती?

मन्सूर: नाही. अल्ला शप्पथ नाही. त्या दिवशी खरंच मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. हळू बोल ना जरा. शेजारी ऐकतील.

अजरा: ऐकू देत! बिन महमूदमध्ये सगळ्यांना ऐकू देत. वीस वर्षं हळूच बोलत आले मी.

मन्सूर: माझं एवढंच ऐक. तूच म्हणाली होतीस. आठवतं का? निदा लहान होती, आपण वर उत्तरेला मदिनत अश शमालला गेलो होतो, माझ्या दोस्ताच्या गाडीतून. दोन तास रस्ता, नुसता सपाट. तू म्हणालीस, या मुलखात नजर टेकायला एक टेकडी नाही. आमच्या दारातून डोंगर दिसायचा. ते माझ्या डोक्यात बसलं. मुदीरने आधी विचारलं होतं, कुठे जायचं, सिंगापूर की दुबई, तर मी म्हणालो, डोंगर. जिथे खरे डोंगर असतील तिथे.

अजरा: डोंगर म्हणाले असेन. पण तो आमच्या दारातला. त्यावर अम्मी अनवाणी लाकडं आणायला जायची, पुढे गाईड नसायचा तिच्या. तो बघायचा होता तर मला रत्नागिरीची गाडी पुरे होती. तुम्हाला ते कळलं नाही?

मन्सूर: वाटलं, गावाला तर दर दोन वर्षांनी जातोच.

अजरा: यंदा नाही गेले. जेव्हा जायचं तेव्हाच नाही. रविवारी फोन आला. मी विचारलं, पासपोर्ट कधी मिळेल? तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला तीन दिवसांत. सोमवारी विचारलं, इन्शाल्ला. बुधवारी विचारलं, इन्शाल्ला. अल्लाचं नाव घेऊन खोटं बोलत होतात. गुरुवारी ती गेली. शुक्रवारी दफन. मी इथे फोन कानाला लावून मयताची नमाज ऐकली. फोनवर, मन्सूर! नवऱ्याचं नाव घेत नाही मी कधी, आज घेतलं.

मन्सूर: घे. शिव्या दे. पण वकिलातीत एकदा अर्ज गेला की खलास, आपल्या हातात काही नसतं.

अजरा: परत मागता येत नाही?

मन्सूर: ते... त्यांचे नियम असतात.

निदा: अब्बा.

मन्सूर: तू आत जा.

निदा: अब्बा, ब्रोशरमध्ये हे काय आहे? डे फोरच्या पेजवर होतं. इट्स अ टोकन. नंबर सतरा. सेकंड मे. पासपोर्ट रिटर्न अँड विथड्रॉल.

अजरा: दे इकडे. दोन मे म्हणजे मंगळवार. रविवारी फोन आला, मंगळवारी तुम्ही तिथे होतात. विथड्रॉल म्हणजे परत घेणं, एवढं इंग्लिश मलाही येतं.

मन्सूर: हो.

अजरा: हो काय? बोला.

मन्सूर: ऑफिसातून तासभर सुट्टी काढून गेलो. टोकन घेतलं, खुर्चीवर बसलो. टोकन देणारा माणूस म्हणाला होता, अर्ज मागे घेतलात तर पासपोर्ट आत्ताच देतो, व्हिसा मात्र होणार नाही, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, चालेल. पंधरा नंबर चालू होता. तेवढ्यात तुझ्या मुदस्सिरभाईचा फोन आला. म्हणाला, अम्मीनं पेज घेतली. वाटीभर. उठून बसली, सुनेला म्हणाली मीठ कमी आहे. भाई हसत होता, अजरा. मला वाटलं, चला, टळलं. आता चार दिवसांत व्हिसा होईल, मग तुला सगळं एकदम सांगू, आधी तू अम्मीला भेटून येशील, मग आपण इटलीला. सोळा नंबर पुकारला. मी उठलो आणि बाहेर पडलो.

अजरा: एक नंबर आधी.

मन्सूर: एक नंबर आधी.

अजरा: मंगळवारी रात्रीचं विमान मिळालं असतं. बुधवारी संध्याकाळी मी घरी पोचले असते. एक रात्र मिळाली असती मला. पुरी एक रात्र. मी तिचे पाय दाबले असते. ती म्हणाली असती, पेजेत मीठ कमी आहे, आणि मी घातलं असतं. तुम्ही ती रात्र घेतलीत. वाटीभर पेजेवर घेतलीत.

मन्सूर: मला माहीत आहे. त्या दिवसापासून मी नीट झोपलो नाही.

अजरा: झोपलात. मी जागी होते, मला ठाऊक आहे. आणि हे टोकन फेकायचं सोडून त्याच पुस्तकात ठेवलंत?

मन्सूर: फेकवेना.

अजरा: आज का दिलात पासपोर्ट? अम्मीचा चाळिसावा कधी आहे ते मोजलंत का? बारा जून. दहाला तुमचं इटली.

मन्सूर: त्याचं मी बघितलंय. काळजी करू नको. मुदस्सिरभाईशी बोललो, माझ्या सुट्टीची अडचण आहे म्हटलं. चाळिसावा वीस तारखेला घेतील. लोक घेतात की पुढेमागे.

अजरा: तुम्ही... माझ्या आईचा चाळिसावा सरकवलात?

मन्सूर: आठच दिवस.

अजरा: डोंगर चढायला! रबरच्या बोटीत बसायला! अहो, तिचं मरण तुम्हाला अडचणीचं झालं, आता तिचा चाळिसावाही अडचणीचा? कॅलेंडरवरची मीटिंग आहे ती? निदा, मामूला फोन लाव. आत्ता.

निदा: अम्मी, तिथे साडेचार वाजलेत, मामू झोपले असतील.

अजरा: उठव. सांग, अम्मी म्हणते चाळिसावा बारालाच. मी दहाला मुंबईत उतरतेय. पासपोर्ट माझ्या हातात आहे आणि आता तो या हातातून कुणी काढून घेणार नाही. जा.

निदा: ओके. आय अॅम सॉरी, अम्मी.

अजरा: तू नको म्हणू सॉरी. तू फॉर्म भरलास. जा.

मन्सूर: मी मुदीरला सांगतो, इटली कॅन्सल. माझा खुरूज, देश सोडायचा परवाना, त्याच तारखांचा निघालाय. त्याच्यावर मी तुझ्याबरोबर मुंबईला येतो.

अजरा: मला सोबत नको.

मन्सूर: बरं. नाही येत.

अजरा: नको म्हटलं, येऊ नका कुठे म्हटलं? यायचं. तुम्हाला यावंच लागेल.

मन्सूर: म्हणजे?

अजरा: आमच्या गावच्या कबरस्तानात बायका आत जात नाहीत. तुम्हाला माहीत आहे. मी दगडी गडग्याबाहेर उभी राहीन. तेच बूट घालून येईन, चढण आहे ना, चार महिने सवय केलीय त्यांची. पण आत तुम्ही जायचं.

मन्सूर: फातिहा पढतो मी.

अजरा: फातिहा सगळेच पढतील. ते झालं, लोक खाली उतरले, की तुम्ही मागे थांबायचं. तिच्या कबरीपाशी बसायचं आणि तिला सांगायचं. तुमची पोर यायला निघाली होती. पासपोर्ट माझ्यामुळे अडकला. सतरा नंबर माझा होता, सोळाला मी उठलो.

मन्सूर: ... सांगतो.

अजरा: सगळं सांगायचं. पेजेचंसुद्धा.

मन्सूर: सगळं सांगतो.

अजरा: आणि हळू बोला. तिला मोठ्यानं बोललेलं आवडत नसे.