उभं राहताना

(अमडापूर. ओसरीतल्या बाजेवर कडूबा बसलेत. मुलगी अर्पिता त्यांना नागपूरच्या दवाखान्यातून घेऊन आलीय. मुलगा राम चिखलीहून आलाय.)

राम : म्हणजे दारू नव्हतीच?

अर्पिता : नव्हतीच, दादा. डॉक्टरांनी बाबांना झोपवून दाब मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहताच इतका उतरला की बाबा तिथंच कोसळले. तुझ्या लग्नात मांडवात पडले, तेही असंच.

राम : बीपी तं अर्ध्या गावाले हाय.

अर्पिता : त्यांचा वाढतो. हे उलटं आहे. माणूस उठला की रक्त पायांकडं उतरतं. मानेतल्या धमनीला ते कळतं, ती मेंदूच्या देठाला खबर देते. तिथं एक नस दुसरीला रसायनानं निरोप देते, ग्लुटामेट म्हणतात त्याला. मग देठ हृदयाला जोरात चालवतो, रक्तवाहिन्या आवळतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

राम : अन् बाबाले?

अर्पिता : त्या वाटेवरच्या पेशीच झिजत चालल्यात. आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या देठात आम्ही ते रसायन औषधानं अडवतो. मग दाब कितीही पडू दे, हृदय आपल्याच चालीनं चालत राहतं. काही झालंच नाही असं. औषध उतरलं की उंदीर परत ठीक.

कडूबा : मी नाही होत.

अर्पिता : बाबा, गोळ्या आहेत. पायाला पट्ट्या बांधायच्या, हळू उठायचं.

कडूबा : बरा होईन का, असं मी डॉक्टरले इचारलं. तो तुह्याकडं पाहे.

राम : तू इतके साल हेच शिकून राह्यली, अन् घरातलं नाही दिसलं तुले?

अर्पिता : मी परीक्षेपायी लग्नाला नव्हते. फोनवर तूच म्हणालास, बाबा पिऊन पडले. आईही तेच म्हणाली.

कडूबा : तिले कायले बोलता? मंजुळानं जाता जाता मले शपथ घातली. सोडा म्हणे आता. मी म्हणलं, सोडली. जे कधी तोंडाले लावली नाही, थे सोडली. मंग शांत झाली.

राम : बाबा...

कडूबा : भजनात माह्याकडून पखवाज काढून घेतला. महादेवराव म्हणे, देवापुढं असं नको. मी देऊन टाकला. मलेच कळत नव्हतं काऊन पडतो, तं त्याले काय सांगू?

राम : मी सांगतो साऱ्यायले. सासऱ्याले, महादेवरावाले. हे कागद दाखवतो. बाबा, सगळ्यायले जे वाटलं, तेच मले वाटलं. माणूस मांडवात असा झोकांडी खाऊन पडल्यावर दुसरं काय वाटीन?

कडूबा : लोकायनं दुरून पाह्यलं. तू तं खाली वाकून माह्या तोंडाचा वास घेतला, अन् मंग उठून साऱ्यायले म्हणला, बाबा पेले हायेत.

अर्पिता : दादा?

राम : गर्दी जमली होती. सासरे इचारून राह्यले होते, मिरगी हाय का, घराण्यात हाय का. सोयरीक मोडली असती. मले काही सुचलंच नाही.

कडूबा : सुचलं ना. मी तुह्या तोंडाकडंच पाहत होतो.