या पुस्तकाला मागणी आहे

—नाही हो, तिथं नाही ते, किती वेळा तोच कप्पा बघाल? वाकून, सरकवून, मागं हात घालून—पुस्तक काय मांजर आहे, कोपऱ्यात जाऊन बसायला? या, इकडं या, बसा त्या स्टुलावर. डुगडुगतं ते, डावीकडं रेलू नका. हां. तुम्हाला ते ग्रंथपालांचं जाडं पुस्तक हवंय ना, निळ्या कापडी बांधणीचं, वर्गीकरणापासून भिजलेली पुस्तकं वाळवण्यापर्यंत सगळं असलेलं? परीक्षा कधी आहे?—अच्छा, म्हणजे घाई आहे. असणारच. हे काउंटरमागचं कपाट आमच्यासाठीच आहे, ग्रंथपालांनी वाचायच्या पुस्तकांचं. लोकांना वाटतं आम्ही पगार घेऊन दिवसभर कादंबऱ्या वाचत बसतो. कसलं काय! आम्ही वाचतो ते हे—वाळवी कशी ओळखायची, फाटलेलं पान कसं चिकटवायचं, तक्रारखोर वाचकाशी गोड कसं बोलायचं. दुसरी आहेत की. हे बघा, पातळ आहे पण नवीन आहे, चित्रं आहेत—नको? तेच हवं. तुमच्या बाईंनी तेच सांगितलं असणार, आणि बरोबरच सांगितलं, त्याच्या तोडीचं दुसरं नाही. पण बाहेर गेलंय ते. एका वाचकाकडं आहे.

बरेच दिवस झाले, हो. मुदतवाढ घेतलीय. परत घेतलीय. परत—अहो, नियमात बसतं ते! दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर हवी तितक्यांदा मुदत वाढवता येते, आणि त्या पुस्तकाला इथं विचारतंय कोण? कुणी नाही. मी आपली निर्धास्तपणे बटण दाबायची—म्हणजे, त्या वाचकाच्या वतीनं दाबायची. आज सकाळी दाबलं तर पडद्यावर लाल अक्षरं. मुदतवाढ मिळणार नाही, या पुस्तकाला मागणी आहे. चष्मा पुसून परत वाचलं. कोण ही बया आमच्या मुळावर उठलेली, म्हटलं—माफ करा हं, तुम्हालाच म्हटलं, पण तेव्हा आपली ओळख नव्हती. घरबसल्या फोनवरून नोंदवलीत ना मागणी? हल्ली सोय झालीय. फार सोयी झाल्यात.

तिला फोन करू? काय सांगू फोन करून—लवकर वाच म्हणून? ती काही हळू वाचणारी नव्हे, झपाट्यानं वाचायची, पण वाचता वाचता पुस्तकाशी भांडायची. घरात आम्ही तिला शंकासुरच म्हणायचो. 'आई, यात लिहिलंय वाचकाला कशाला हवंय असं विचारायचं नाही, आणि तू तर येईल त्याची उलटतपासणी घेतेस!' अगं, म्हटलं, मी विचारते म्हणून तर येतात लोक, घरी कोण विचारतं त्यांना?—हो. आईच म्हणायची. माझी लेक ती. तुमच्या लक्षात आलंच असेल, मघापासून मीच 'वाचायची', 'भांडायची' करतेय, 'वाचते' म्हणायला जीभ वळत नाही. तिलाही हेच व्हायचं होतं, ग्रंथपाल. तिचे बाबा म्हणायचे, एका घरात दोन-दोन ग्रंथपाल झाल्यावर मी बोलायचं कुणाशी, दोघी मला शू शू करून गप्प बसवाल. आता बसलेत गप्प. कुणी शू न करता.

तुमचीच परीक्षा, मागच्या वेळची. ताप आला, साधाच वाटला, मग रक्त तपासलं, परत तपासलं, आणि मग डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले—इथं बोलतात ना, तसं. हळू आवाज मला फार आवडायचा, सगळी नोकरी त्यात गेली. त्या दिवसापासून नाही आवडत. एवढं जाड पुस्तक, तिला पेलेना, तर मी धरायची आणि ती वाचायची. मग डोळे दुखायला लागले, तर मी वाचायची आणि ती भांडायची. भिजलेल्या पुस्तकांच्या प्रकरणात होतो आम्ही. चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत, घाई केली की फाटतात, पुस्तक उभं करून वारा लागू द्यावा—हे वाचलं, तर म्हणाली, 'आई, मलाही जरा उभं करून वाऱ्याला ठेव.' हसलो आम्ही दोघी. खरंच हसलो. मग म्हणाली, पुढचं उद्या. मी खूण घातली, पुस्तक मिटलं. झालं. पुढचं राहिलं ते राहिलं.

आमचे साहेब भला माणूस. एकदा जवळ येऊन म्हणाले, 'ताई, ते एक खातं बंद करायचं राहिलंय.' मी म्हटलं, साहेब, नियम काय सांगतो? खात्यावर काही बाकी असेल, पुस्तक असो की नोंदवलेली मागणी असो, तर खातं बंद करता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. परत तो विषय काढला नाही. अहो, बाकी सगळीकडून गेलं हो तिचं नाव! कॉलेजनं काढलं, बँकेनं काढलं, फोनचा नंबरसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकला—मी लावला एकदा, तर कुणीतरी माणूस बोलला, चांगला बोलला बिचारा, कोण पाहिजे म्हणाला. काय सांगणार? इथं मात्र नाव टाइप केलं की येते. फोटोसकट. केस विंचरले नाहीत म्हणून केवढी ओरडले होते मी त्या फोटोवरून! आणि शेजारी हिरव्या अक्षरात—चालू सभासद. तेवढं बघायला मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते.

काय?—नाही, उठू नका. मागणी रद्द? मुळीच नाही! खाली ठेवा तो फोन. मी काही रडगाणं ऐकवून तुम्हाला परत पाठवायला बसवलं नाही. सगळी नोकरी मी लोकांना मुदतीवरून धारेवर धरलं, सख्ख्या नणंदेला सोडलं नाही, आणि आता मीच पुस्तक दाबून बसू? वाचक समोर ताटकळलेला असताना? शंकासुरानं मला फाडून खाल्लं असतं. हे बघा. पिशवीतच आहे. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन घेऊन आले. तिच्या टेबलावर होतं—उचललं तर त्याच्या खाली तेवढाच स्वच्छ चौकोन, बाकी सगळ्या टेबलावर धूळ. मी पुसत नाही ते.

थांबा, आधी जमा करू दे. तो लाल दिवा इकडं धरायचा, बारकोडच्या पट्टीवर—झालं. टिंग. ऐकलंत? एवढंच असतं. इतक्या दिवसांचं, आणि एवढंसं टिंग. द्या तुमचं कार्ड. आत खूण आहे, बसचं तिकीट, ते पडू देऊ—बरं, पडलं तर पडलं. तू पुढं जा, बाळ. त्या खुणेपाशी थांबू नकोस. पुढचं प्रकरण कशावर आहे ते मी सांगू शकत नाही. वाचलं होतं मी, नोकरीला लागले तेव्हा. आता आठवत नाही आणि उलटून बघवत नाही.

जरा थांबा हं, अजून एक नोंद करायचीय. तिकडं बघा तुम्ही, पडद्यात डोकावू नका—हं. झाली. आता नीट ऐका. परीक्षेनंतर लगेच आणून द्यायचं, तुम्हाला मुदतवाढ मिळणार नाही. का म्हणजे? या पुस्तकाला मागणी आहे. आत्ताच आलीय. कुणाची ते सांगत नसतो आम्ही, शिकलात ना? तुमच्यानंतर एकजण थांबलीय, एवढं लक्षात ठेवा. तिचं अर्धं राहिलंय. परत आलं की मी ठेवीन बाजूला तिच्यासाठी—असं बघू नका माझ्याकडं. कळतं मला. सगळं कळतं. जा आता, उठा, मागं रांग आहे.

—नाहीये? बरं, नाहीये. दार ओढून घ्या जाताना.