राजधानीचा मानदंड

…अन् मारलं कशानं, तं मानदंडानं! काठीनं मारलं असतं, चपलेनं मारलं असतं, मले काई वाटलं नसतं. हे मनगट पाहा. पाहा, पाहा, लाजू नका! इथून असं वाकडं जाते, अन् थोडं पुढं जाऊन पुन्हा सरळ होते, घाटातल्या रस्त्यासारखं. अन् हा माहा उजवा हात बरं का! मी हरिदास पेंटर, आर्वीचा, एस्टी डेपोच्या समोर दुकान. दुकानाचे बोर्ड, गाड्यायचे नंबर, ट्रकाच्या मागं ‘पुन्हा भेटू’… माहा राजधानीशी काय संबंध? मी तं चित्र काढाले गेलतो!

तुमाले सांगतो, दोन हजार साल. छत्तीसगड झालं, झारखंड झालं, उत्तरांचल झालं. मंग आता नंबर विदर्भाचा, असं आमच्या पानठेल्यावर पक्कं ठरलं. राज्य म्हनलं का राजधानी आली. नागपूर? प्रभाकरराव म्हने, “नागपूरले काऊन? ते आधीच उपराजधानी हाय. एकाच गावाले किती वेळा द्याची? आर्वी काय मेली का?” हे प्रभाकरराव म्हनजे सोयाबीनचे व्यापारी, बोलले का समोरच्याची टोपी उडे. त्यायच्या मनात पहिला महापौर तेच. पन त्यायचा सख्खा साळा बाबाराव, कापसाचा व्यापारी, मानेनं बैल, त्याच्याबी मनात पहिला महापौर तोच! मधात कोन? शकुंतलाबाई. एकाची बायको, दुसऱ्याची बहीन; म्हनजे प्रभाकरराव भाटवा, बाबाराव साळा. आता सांगा, हे भांडन नागपूरचं का घरचं?

समिती झाली. अन् समितीनं पहिला ठराव काय केला? पान्याचा? रस्त्याचा? नाई बाप्पा! राजधानीले बोधचिन्ह पाह्यजे, महापौराले गळ्यात साखळी पाह्यजे, अन् सभागृहात मानदंड, म्हनजे मानाचा दांडा, पाह्यजे. साखळी पितळेची आनली, एका बँडवाल्याकडून. मानदंड कराले जंगूले सांगतलं. जंगू म्हनजे कारंज्याकडच्या वस्तीवरचा गोंड मानूस, लाकडाचं काम असं करे का हात फिरवत राहावं. प्रभाकरराव त्याले म्हनले, “मजबूत करजो बरं! राजधानीचा मानदंड हाय, मोडला नाई पाह्यजे.” त्यानं धावड्याचं लाकूड आनलं, ज्याचा कुऱ्हाडीले दांडा करतात ते. म्हने, “मालक, हा नाई मोडत. डोस्कं मोडन.” सारे हासले. मीबी हासलो! काऊन हासलो मी?

बोधचिन्ह माह्याकडं. चार फुटाच्या पत्र्यावर डाव्या अंगाले सोयाबीनची शेंग, उजव्या अंगाले कापसाचं बोंड, मधात उगवता सूर्य. पंधरा दिवस राबलो. धर्मशाळेच्या हॉलात सभा, दुपारी दोनची. वीसेक मानसं. मागच्या खोलीत शकुंतलाबाई पोहे करून राह्यल्या होत्या. जंगू मानदंड घेऊन दाराशी उभा. सभा सुरू होतच होती, तं त्यानं हळूच इचारलं, “मालक, राजधानी झाल्यावर आमच्या वस्तीवर पान्याची हापसी येईन का?”

प्रभाकररावानं कागद उलटापालटा केला अन् म्हनलं, “हा विषय आज पत्रिकेवर नाई.”

मंग माह्या पत्र्यावरचा कपडा काढला. टाळ्या वाजल्या, तुमाले सांगतो, माह्या डोळ्यात पानी आलं. अन् मधातच प्रभाकररावाचा आवाज आला, “हे बोंड मोठं काऊन?”

म्या म्हनलं, “साहेब, बोंड मोठंच असते. शेंग बारीक असते.”

“कोन म्हनते बारीक?”

बाबाराव उठला. “मी म्हनतो! तुमच्या शेंगीले बकरी खाते, भाटवे! राजधानीच्या निशानीवर बकरीचा चारा?”

“खाली बस, साल्या!”

आता तो होताच साळा! म्हनून पहिल्यांदा कोनाले शिवी वाटलीच नाई. पन बाबारावाले वाटली. त्यानं माहा पांढऱ्या रंगाचा डबा उचलला अन् सोयाबीनच्या शेंगीवर फेकला. अर्धा शेंगीवर, अर्धा प्रभाकररावाच्या डोक्यावर. मंग काय इचारता! प्रभाकररावानं खुर्ची उचलली अन् बाबारावाच्या पाठीत हानली, खुर्चीचे दोन पाय बाजूले उडाले. मंग कापसाचे लोकं सोयाबीनच्या लोकायवर, सोयाबीनचे कापसावर, ज्यायचं दोन्ही नाई ते जो हाती लागन त्याच्यावर! कोनाचं नाक फुटलं, एकाचा दात पोह्यात पडला. भिंतीवर लाल शिंतोडे. म्या म्हनलं माहा लाल डबा सांडला. पाहतो तं डबा बंद! मी टेबलाखाली शिरलो अन् तथून वरडून राह्यलो, “मारू नका, मी तं चित्र काढाले गेलतो!” म्हनजे आलतो! भेवानं व्याकरनबी फुटलं!

प्रभाकररावानं जंगूच्या हातातून मानदंड हिसकला. मले टेबलाखालून दिसून राह्यलं, हा मानूस दोन्ही हातानं दांडा वर घेऊन चालला, नेम सरळ बाबारावाच्या डोस्क्यावर. आता तुमीच सांगा, टेबलाखाली बसलेल्या मानसानं काय करावं? बसून राहावं! पन मी बह्याड. बाहेर निघालो, हात आडवा घातला.

कट्.

असा आवाज आला. सुकलेली तुराटी मोडावी तसा. मानदंड शाबूत. जंगूनं काम पक्कं केलं होतं.

अन् मी खाली पडलो, तं डोळ्यासमोर काय? बाबारावानं टेबलावरची ते महापौराची पितळेची साखळी आपल्या भाटव्याच्या गळ्यात घातली होती. घातली म्हनजे सत्काराले नाई, पिळाले! मागून पायाचा टोंगळा पाठीत, अन् साखळीले पीळ. प्रभाकररावाचं तोंड लाल, मंग जांभळं, जीभ बाहेर. कोनी हासून नाई राह्यलं आता. वीस मानसं, अन् कोनाच्याच अंगात पुढं जाची ताकद नाई. बाबारावाले तं ऐकूच येऊन नाई राह्यलं काई.

शकुंतलाबाई धावत आल्या. हातात झारा होता, तो फेकून देल्ला. भावाचं मनगट धरलं अन् चावल्या. अशा चावल्या, का रक्त आलं तरी दात काढले नाई. ज्या मनगटाले दर साली राखी बांधत, त्याच मनगटाले. बाबाराव बोंबलला, साखळी सुटली, प्रभाकरराव धापकन पडले अन् खोकलाले लागले. बाई मधात बसल्या. तोंडाले रक्त. म्हनल्या, “झाली तुमची राजधानी? का अजून कोनी बाकी हाय मराचं?”

जंगूनं दाराचा पडदा फाडला, माहा हात धरला, बांबूच्या दोन कमच्या लावल्या, करकचून बांधलं. मी वरडलो तं म्हने, “वरड, वरड. पन हालू नको.” त्याच वेळी घरंगळत तो मानदंड माह्या पायाशी आला. म्या म्हनलं पुन्हा कोनाच्या हाती लागाले नको, म्हनून डाव्या हातानं उचलला अन् उभा राह्यलो.

अन् त्याच घडीले बोंबाबोंब ऐकून पोलिस आत आले!

फुटलेले मानसं जमिनीवर बसलेले, रक्ताचे थारोळे, अन् मधात दांडा घेऊन उभा कोन? मी! म्या म्हनलं, “हवालदार साहेब, मी तं चित्र काढाले गेलतो.” ते पत्र्याकडं पाहून म्हने, “कायचं चित्र हाय हे? सूर्य तेवढा वळखू येते.”

हात तिरपा जुळला. आता डाव्या हातानं रंगवतो. अक्षरं सारी डावीकडं कलतात, लोकं म्हनतात वा, काय ष्टाईल हाय! भाटवा-साळा? दिवाळीले एका ताटात जेवले. शकुंतलाबाई वाढत होत्या. आपसात समझोता झाला, जबाब फिरवले, दोघंही सुटले. मीच राह्यलो, कारन हत्यार माह्या हातात सापडलं होतं ना! आठ वर्सं झाले, तारखा सुरूच हायेत. कोर्टात पुकारा होते, “सरकार विरुद्ध हरिदास!”

आता पाहा, जे राज्य झालंच नाई त्याच्या राजधानीत म्या हात मोडून घेतला… अन् जे राज्य आधीपासून हाय, ते माह्यावर केस चालवून राह्यलं!