धरायला दिलेला नारळ

मी एका इंजिनियराचा गुरू आहे की नाही, हे आता तुम्हीच ठरवा. चौथीत शाळा सोडून मी औरादच्या पुलावर गवंडीकाम शिकत होतो. तिथं हैदराबादच्या कॉलेजातला एक विद्यार्थी वर्षभर काम शिकायला आला. त्याशिवाय त्याला पदवी मिळणार नव्हती.

आमचे मिस्त्री अप्पा त्याला म्हणाले, "गुरूला नारळ देऊन पाया पडल्याबिगर आमच्यात हत्याराला हात लावत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी त्यानं नारळ आणून माझ्या हातात दिला आणि माझ्या पायाशी वाकला. तेवढ्यात अप्पा आले.

"झालं. आता तूच शिकव ह्येला."

"अप्पा, मला कुठं येतंय?"

"मग नारळ कामून घेतलास?"

वर्षभर मी सकाळी अप्पांना विचारायचो आणि दुपारी त्याला शिकवायचो. तो पास झाला, आणि परवा साहेब होऊन तोच पूल बघायला आला. मी धीर करून विचारलं, "साहेब, अप्पांना सोडून मला कामून गुरू केलं?"

तो म्हणाला, "उस्ताद, मी कुठं केलं? अप्पांच्या पाया पडायचं म्हणून बूट काढायला वाकलो होतो. नारळ तुम्हाला नुसता धरायला दिला होता."