भिंतीवरचे बारा अठ्ठावीस

घड्याळआत्या, वय ५४ वर्षे, धंदा शर्यतींची इलेक्ट्रॉनिक वेळ घेणे, राहणार भावाच्या शिलाईच्या दुकानावरची खोली. समक्ष विचारल्यावरून सांगते की, खरं नाव वेगळ्या कागदावर दिलं आहे; मैदानावर त्या नावाने हाक मारली तर मीसुद्धा वळून बघत नाही.

माझी भाची, घरात भिंगरी म्हणतात, वय १६, शंभर मीटर धावते. तिला क्रीडा वसतिगृहात प्रवेश हवा आहे. त्यासाठी स्पर्धेत १२.५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ यावी लागते आणि आजची शेवटची संधी होती.

सरावाला मी किरणांचे खांब लावते. पहिला किरण तुटला की घड्याळ सुरू, शेवटचा तुटला की बंद. म्हणजे पोरगी मनात येईल तेव्हा निघते आणि घड्याळ बिचारं तिची वाट बघत बसतं. स्पर्धेत ते कोणासाठी थांबत नाही. बंदूक वाजली की सुरू होतं. पोरगी आवाज ऐकून उठेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. शेवटच्या रेषेवर कॅमेरा बघतो, छाती कधी पोचली ते. हात आधी पोचला तरी उपयोग नाही.

गेल्या महिन्यात सरावात १२.२८ आली. भावाने ती दुकानाच्या भिंतीवर शिंप्याच्या खडूने लिहिली. त्यात पंचवीस-तीस शतांश मिळवून धरायचे असतात, हे मला ठाऊक होतं. सगळे इतके खूश होते की माझी जीभच रेटली नाही. ही चूक माझी.

आज दुपारी एकच्या फेरीत १२.५८ आली. भाऊ माझ्या वेळनोंदीच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, सरावाला अठ्ठावीस आणि इथे अठ्ठावन्न? माझ्या पोरीचे तीस शतांश कुठे गेले?"

मी म्हटलं, "बंदुकीने खाल्ले." त्याला ती थट्टा वाटली. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात तो रागाने कॅमेरा घेऊन गेला आणि दुकानाच्या कपाटात कुलूपबंद केला. अंतिम फेरी चारला होती. हातातल्या घड्याळाची वेळ प्रवेशाला चालत नाही. म्हणजे स्वतःच्या लेकीच्या पायावर त्यानेच धोंडा पाडला होता.

मी दोन वाजता इथे पोलीस ठाण्यात आले. भावाला बोलावलं. अंमलदारसाहेब त्याला म्हणाले, "टेबलावर थाप मारतो. ऐकली की उठायचं." थाप पडली. भाऊ म्हणाला, "आत्ता?" मग उठला. सगळे हसले, शेवटी तोही हसला. किल्ली टेबलावर ठेवून मला म्हणाला, "हे भिंतीवर लिहायच्या आधी सांगायचं ना, ताई." मी किल्ली उचलली आणि कपाट उघडायला निघाले.

चारच्या शर्यतीत भिंगरीची वेळ १२.५१ आली. कॅमेऱ्याच्या चित्रावर वेळ मोजायची रेघ मीच लावते; ती केसभर सरकवली असती तर १२.५० झाली असती. मी ती छातीवरच ठेवली. मला रडू आलं. भाऊ मागेच उभा होता. ठाण्यातल्या टेबलावरच्या थापेची गोष्ट त्याने लेकीला आधीच सांगितली होती. भिंगरी नाक पुसत म्हणाली, "आत्या, उद्यापासून सरावाला बाबांना टेबल ठोकायला बसव."

कॅमेरा शाबूत मिळाला. माझी भावाविरुद्ध तक्रार नाही. शर्यतीनंतर परत इथे येताना दुकानात डोकावले. भावाने भिंतीवरचे १२.२८ पुसून तिथे १२.५१ लिहिलं आहे, पहिल्यापेक्षा मोठ्या आकड्यांत.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. ठाण्याचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, तेवढी वेळ दुरुस्त करून सही केली.