कुंडीतलं लिंबू

शिंपीमामा सुजलेला गाल धरून दातांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारचं म्हातारं जोडपं मात्र भलतंच खुशीत होतं.

“अहो, लिंबाला पाणी तुम्हीही घालत होतात?”

“रोज सकाळी. तू विसरतेस ना!”

“अगं बाई! आणि मी रोज संध्याकाळी. तुम्ही विसरता म्हणून!”

“तरीच पानं पिवळी पडत होती.”

“मग आपलं वाजलं, अबोला धरला.”

“मी म्हटलं, घालू दे तिलाच.”

“मीही तेच म्हटलं! कुंडी पार सुकली, आणि आज बघते तर कळ्याच कळ्या!”

शिंपीमामांना हसू आलं, तसा दात ठणकला.

“यापुढे पाणी मीच घालतो. माती सुकली की मगच.”

“घाला.”

“आणि तू?”

“मी अधूनमधून भांडत जाईन.”