डबी खिशात असताना

हे लिहायचंच नाही असं त्याने ठरवलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकलं, त्यात काय मिरवायचं? पण बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेले, गळ्यात मापाची टेप असलेला शिंपी आणि त्याची वहिनी डोक्यातून जाईनात.

"भावोजी, छातीवरचा हात काढा की. पाकीट मारतंय का कुणी?"

"वहिनी, डबीत ख्रिस्तशरीर आहे, चर्चमधली पवित्र भाकर. साक्षात देव घेऊन चाललोय आणि ही बस हलायला तयार नाही!"

"देवाला घाई नाही. तुम्हालाच आहे."

"फादर तापाने पडले म्हणून दादाला ही द्यायला मला पाठवलं. दादाला सांगितलंय ना, मी येतोय ते?"

"नाही."

"मेलो! चार वर्षं अबोला आहे. आजारी माणूस, त्याने तोंड फिरवलं तर?"

"तुमच्यापासून फिरवतील. डबीतल्या देवापासून नाही."

"बरा होईल ना तो?"

"देवाला विचारा. तुमच्याच खिशात आहे."

"...दारातून हाक मारू, की थेट आत जाऊ?"

"थेट आत. डबी असताना वाटेत थांबायचं नसतं, तुम्हीच म्हणता ना?"

ते उतरले. मागच्या सीटवर ऐकत बसलेल्या त्याने फोन काढला. पाठ मोडून तीन महिने अंथरुणाला खिळलेल्या मित्राकडे तो अजून गेला नव्हता. रिकाम्या हाताने काय जायचं, म्हणून.

"उद्या येतो रे. काही आणणार नाही. नुसता बसेन तुझ्यापाशी. नक्की."